नेमबाजीचा जमाखर्च

छंद आणि संसार यांचें वैर फार जुनें आहे. ज्यास छंद लागतो त्यास खर्च दिसत नाहीं, आणि ज्याच्या हातांत घरखर्चाची वही असते त्यास खर्चावांचून दुसरें कांहीं दिसत नाहीं. गायन, चित्रकला, बुद्धिबळ यांची आपल्या घरांस पिढ्यान् पिढ्या ओळख आहे. त्यांचा खर्च कोठें सुरू होतो व कोठें थांबवावा हें वडीलधाऱ्या मंडळींस ठाऊक असतें. परंतु एखाद्या दिवशीं तेरा वर्षांची नात शाळेंतून येते आणि दप्तर खालीं ठेवण्यापूर्वींच "आजोबा, मला नेमबाजी शिकायची आहे," असें म्हणते, तेव्हां काय करावें, हें कोणत्याहि जुन्या वहींत लिहिलेलें सांपडत नाहीं. आमच्या घरीं हा प्रसंग तीन वर्षांपूर्वीं आला. त्यांतून आम्हीं जें शिकलों, व जेथें चुकलों, तें या महिन्यांत वाचकांपुढें ठेवतों.

नेमबाजी हा राजेरजवाड्यांचा खेळ, अशी आमची समजूत होती, आणि ती अगदींच निराधार नव्हती. बिकानेरचे महाराज करणी सिंग १९६० पासून १९८० पर्यंत पांच ऑलिंपिकांत उतरले. १९६२ सालीं जागतिक स्पर्धेंत त्यांनीं रौप्यपदक मिळविलें. २००८ सालीं बीजिंग येथें सुवर्णपदक जिंकणारे अभिनव बिंद्रा यांच्याकरितां तर घरींच रेंज बांधलेली होती. परंतु हें चित्र पालटलें आहे, व तें पालटण्यांत आपल्या कोल्हापूरचा वांटा मोठा आहे. तेजस्विनी सावंत २०१० सालीं म्युनिक येथें जगज्जेत्या झाल्या; राही सरनोबत यांनीं २०१८ च्या आशियाई स्पर्धेंत सुवर्णपदक आणलें; आणि १ ऑगस्ट २०२४ रोजीं पॅरिस ऑलिंपिकांत ५० मीटरांच्या तीन-स्थिती प्रकारांत कांस्यपदक मिळविणारे स्वप्नील कुसाळे हे कोल्हापूर जिल्ह्यांतील कांबळवाडी गांवचे, त्या वेळीं रेल्वेंत तिकीट तपासनिसाची नोकरी करणारे गृहस्थ. सारांश, राजवाडा नसला तरी नेम धरतां येतो. मात्र हिशेब आधीं धरावा लागतो.

रात्रीं जेवणें झाल्यावर घरांतील मंडळी एकत्र बसली. आमचें कुटुंब, आमच्या थोरल्या वहिनी, दोघे चिरंजीव, दोन्ही सुना, आणि खांबाशीं टेकून उभी असलेली नात. पहिला आक्षेप वहिनींचा. "आपल्या घरीं कधीं कुणी पांखरूं मारलं नाहीं, पोरीच्या हातीं बंदूक कशाला?" यावर आम्हीं त्यांस महाभारतांतील आदिपर्वाची आठवण दिली. द्रोणाचार्यांनीं शिष्यांची परीक्षा घेतली ती जिवंत पक्ष्यावर नव्हे; कारागिरांकडून करवून घेतलेला कृत्रिम भास पक्षी झाडाच्या शेंड्यावर ठेवून घेतली. लक्ष्यवेध आणि शिकार या दोन गोष्टी निराळ्या आहेत, हें त्या काळींहि ठाऊक होतें. (अर्जुनास पक्ष्याचा डोळा दिसला असें आपण मुलांस सांगतों, मूळ ग्रंथांत त्यास पक्ष्याचें मस्तक दिसलें असें आहे. असो.) वहिनींचें समाधान झालें, आणि प्रश्न उरला तो पैशांचा. त्याच वर्षीं थोरल्या नातवाच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाची फी भरावयाची होती.

आतां मुख्य विषयाकडे वळूं. नेमबाजीचे प्रकार अनेक आहेत आणि त्यांच्या खर्चांत जमीनअस्मानाचें अंतर आहे. मातीच्या उडत्या तबकड्यांवर नेम धरण्याचा प्रकार सर्वांत महाग. तेथें प्रत्येक बारास एक काडतूस आणि एक तबकडी खर्ची पडते. ०.२२ इंची काडतुसाची बंदूक त्याखालोखाल. तीस परवाना लागतो आणि प्रत्येक गोळी विकत घ्यावी लागते ती काडतुसासह. तिसरा प्रकार दाबलेल्या हवेच्या बंदुकीचा. येथें अंतर १० मीटर, नळी ०.१७७ इंच म्हणजे ४.५ मिलिमीटर, आणि खर्ची पडतो तो सुमारें अर्ध्या ग्रॅमचा शिशाचा छर्रा. दारू नाहीं, काडतूस नाहीं. ज्या हवेच्या बंदुकीची नळी ०.१७७ इंचाहून मोठी नाहीं व जिची ऊर्जा २० ज्यूलांहून अधिक नाहीं, तीस १९५९ च्या शस्त्र कायद्याखालील २०१६ च्या नियमांप्रमाणें परवाना लागत नाहीं. खरेदीच्या वेळीं ओळखपत्र मात्र द्यावें लागतें, आणि तें योग्यच आहे. मध्यम स्थितीच्या घरानें हा तिसरा प्रकार निवडावा, यांत दुमत होण्याचें कारण नाहीं.

त्यांतहि दोन शाखा आहेत : रायफल आणि पिस्तूल. रायफलीस जाड कापडाचें जाकीट, विजार, बूट व हातमोजा इतका सरंजाम लागतो. पिस्तुलास यांतील बहुतेक लागत नाहीं. एका हातानें धरावयाचें, अंगांत साधे कपडे. तेव्हां आम्हीं शाळामास्तरी पद्धतीनें दोन रकाने आंखले, बेरजा केल्या, आणि निकाल दिला : पिस्तूल. नात क्षणभर थांबली व म्हणाली, "चालेल, आजोबा." आम्हांस वाटलें, प्रश्न सुटला.

तो सुटला नव्हता. चार महिने ती शनिवार-रविवार रेंजवर जात होती, तेथील संस्थेच्याच पिस्तुलानें शिकत होती, आणि कधीं तक्रार करीत नव्हती. एके दिवशीं दुपारीं वहिनी आमच्या खोलींत आल्या व म्हणाल्या, "भावजी, पोरगी पिस्तूल झाल्यावर घरीं यायच्या आधीं अर्धा तास रायफलीच्या रांगेमागं उभी असते. मी सोबत जाते ना, म्हणून सांगते. तुम्ही तिला हिशेब शिकवला खरा, पण पोर मागायचं विसरली." आम्हीं चाळीस वर्षें मुलांस शिकविलें, मूल 'चालेल' म्हणतें तेव्हां तें नेहमींच चालत असतें असें नव्हे, हें आम्हांस या वयांत वहिनींकडून शिकावें लागलें. काटकसर वस्तूंत करावी. मुलाच्या मनाचा कौल घेण्यांत काटकसर केली कीं ती बचत राहत नाहीं. तो खर्चच होतो, फक्त वहींत दिसत नाहीं.

मग आम्हीं रकाने पुनः आंखले. या वेळीं प्रश्न असा मांडला : रायफलच शिकावयाची असें धरून खर्च किती खालीं आणतां येईल? उत्तर आमच्या अपेक्षेहून बरेंच आशादायक निघालें. तें क्रमानें सांगतों.

पहिली गोष्ट, पहिलें वर्षभर स्वतःची बंदूक घेऊं नये. स्पर्धेच्या योग्यतेची नवी परदेशी रायफल घ्यावयाची तर किंमत लाखांत मोजावी लागते. बहुतेक रेंजवर शिकाऊ मुलांकरितां संस्थेच्या बंदुका असतात, व त्यांचें भाडें फीमध्यें धरलेलें असतें किंवा थोडें असतें. शिवाय वाढत्या वयाच्या मुलाच्या खांद्याचें व हाताचें माप वर्षभरांत बदलतें. नियमाप्रमाणें रायफलीचें वजन ५.५ किलोपर्यंत असूं शकतें. कोवळ्या खांद्यास किती पेलतें हें प्रशिक्षकानें ठरवावें, दुकानदारानें नव्हे.

दुसरी गोष्ट, स्वस्त दिसणाऱ्या स्प्रिंगच्या बंदुकीच्या मोहांत पडूं नये. नळी मोडून भरण्याची ही बंदूक जत्रेंतील फुगे फोडण्यास ठीक आहे. तीस उडतांना हिसका बसतो. त्या हिसक्याशीं झगडण्याची संवय एकदां लागली कीं ती मोडण्यास दुप्पट काळ जातो. तिचा रिकामा चाप ओढला तर आंतील दट्ट्या आपटून ती बिघडते, म्हणून घरीं कोरडा सरावहि करतां येत नाहीं. आमच्या धाकट्या चिरंजीवांनीं हौसेनें अशी एक बंदूक आणली होती. ती आज माळ्यावर कुलुपांत आहे, आणि वहींत तिच्या नांवापुढें 'अनुभव' असें लिहिलेलें आहे.

तिसरी गोष्ट, आणि सर्वांत महत्त्वाची, ती म्हणजे कोरडा सराव. छर्रा न भरतां उभें राहणें, श्वास आवरणें, नेम स्थिर करणें, चाप हळुवार ओढणें, आणि त्यानंतर क्षणभर तसेंच राहणें. नेमबाजीच्या विद्येचा मोठा भाग यांतच आहे, आणि यास एक पैहि पडत नाहीं. आमच्या वाड्याच्या पडवीची लांबी ५ मीटर भरते. १० मीटरांच्या रायफलीच्या लक्ष्यावरील काळें वर्तुळ ३०.५ मिलिमीटर व्यासाचें असतें. निम्म्या अंतरावरून तें तेवढेंच दिसावें म्हणून आम्हीं कागदावर सुमारें १५ मिलिमीटरांचा काळा ठिपका काढला आणि भिंतीवर चिकटविला. स्पर्धेंत लक्ष्याचा मध्य जमिनीपासून १.४ मीटर उंचीवर असतो. ठिपकाहि त्याच उंचीवर लावला. रेंजवरील भाड्याची रायफल घरीं आणतां येत नव्हती, तेव्हां पहिले सहा महिने तिनें योग्य वजनाच्या एका लांकडी दस्त्यावरच उभें राहण्याचा सराव केला. शेजारीं हंसत, पण पाय, कंबर आणि खांदे यांस बंदूक खरी कीं खोटी हें कळत नाहीं.

याचा हिशेब पाहा. आठवड्यांतून तीन दिवस प्रत्येकीं ६० छर्रे धरले तर आठवड्यास १८० व चार आठवड्यांस ७२० होतात. म्हणजे ५०० ची एक डबी संपून दुसरी बरीच रिकामी होते. त्याऐवजीं रोज वीस मिनिटें कोरडा सराव आणि आठवड्यांतून दोन दिवस प्रत्येकीं ४० छर्रे, असा क्रम ठेवला तर चार आठवड्यांस ३२० छर्रे पुरतात. पाऊण डबीहि संपत नाहीं. छर्रे निम्म्याहून कमी आणि सराव मात्र अधिक, असा हा सौदा आहे.

चौथी गोष्ट, छर्रे आणि कागद. शिकाऊ अवस्थेंत अत्यंत महागडे निवडक छर्रे घेण्याचें कारण नाहीं. त्या वेळीं नेम चुकतो तो हातानें, छर्‍यानें नव्हे. मात्र छर्रा सपाट तोंडाचा असावा, कारण तो कागदास स्वच्छ गोल भोक पाडतो व गुण वाचतां येतात. एकदां वापरलेले छर्रे वेंचून पुनः भरण्याचा विचार मनांत आणूं नये. ते चेपलेले असतात व नळी बिघडवितात. लक्ष्याचे कागद मात्र दोनदां वापरावे. वापरलेल्या कागदाची कोरी पाठ पुढें करून लावावी व कोऱ्या पांढऱ्यावर पांच छर्रे सोडावे. वर्तुळें नसल्यामुळें मुलास गुणांची चिंता राहत नाहीं, आणि पांचहि भोकें किती जवळ पडलीं एवढेंच पाहावयाचें असतें. आमच्या नातीच्या प्रशिक्षकांस हा प्रकार इतका आवडला कीं आतां रेंजवरील इतर मुलेंहि पाठकोरे कागद जपून ठेवतात.

पांचवी गोष्ट, जाकीट व विजार. हीं नवीं शिवून घेतलीं तर बरेच पैसे पडतात, आणि वाढत्या मुलास एक-दोन वर्षांत आंखूड होतात. तेव्हां वापरलेलीं घ्यावीं. नियमाप्रमाणें कापडाचा एक पदर २.५ मिलिमीटरांहून जाड असूं नये. जुनें जाकीट वापरानें मऊ झालेलें असतें, पण शिकाऊ मुलास त्यानें कांहीं अडत नाहीं. पहिल्या वर्षीं तर जाकिटावांचूनहि चालतें, व त्यामुळें अंगानें तोल सांभाळण्याची संवय चांगली लागते.

आतां आमची चूक सांगतों, कारण तिच्यावांचून हा जमाखर्च प्रामाणिक होणार नाहीं. दीड वर्षानंतर प्रशिक्षकांनीं स्वतःची रायफल घेण्यास हरकत नाहीं असें सांगितलें. नवी घेण्याची ऐपत नव्हती. एका गृहस्थांकडे वापरलेली रायफल होती; किंमत फार माफक वाटली. नळी स्वच्छ, चाप हलका, दस्ता उत्तम. आम्हीं घासाघीस करून आणखी थोडे उतरविले व विजयी मुद्रेनें घरीं आलों. दुसऱ्या दिवशीं रेंजवर प्रशिक्षकांनीं हवेचें नळकांडें फिरवून त्यावरील वर्ष पाहिलें, आणि तें बाजूस ठेवून दिलें. या नळकांड्यांत हवा सुमारें २०० बार, म्हणजे वातावरणाच्या सुमारें दोनशें पट दाबानें कोंडलेली असते. त्यावर मुदत कोरलेली असते, व ती सहसा १० वर्षांची असते. आमच्या नळकांड्याची मुदत संपून तीन वर्षें झालीं होतीं. विकणाऱ्यानें सांगितलें नव्हतें, हें खरें. पण आम्हीं विचारलेंहि नव्हतें. ज्यानें आयुष्यभर मुलांस 'उत्तरपत्रिका देण्यापूर्वीं पुनः वाचा' असें बजाविलें, त्यानेंच कोरलेला आंकडा वाचला नाहीं.

त्या रात्रीं नात म्हणाली, "आजोबा, अजून एकदोन महिने जुन्याच नळकांड्यावर चालवूं. कांहीं होत नाहीं. दादाची फी भरून झाली कीं मग नवं घेऊं." तिच्या आवाजांत तोच 'चालेल' होता. या वेळीं तो आम्हांस ओळखूं आला. "नाहीं," आम्हीं म्हटलें, "गालाखालीं धरायची वस्तु आहे ती. यांत वाट पाहणं नाहीं आणि काटकसरहि नाहीं." वाट पाहावयाची ती रायफलीनें पाहिली, नवें नळकांडें येईपर्यंत ती कपाटांत राहिली, आणि मुलगी पुनः संस्थेच्या बंदुकीकडे गेली. आमचें कुटुंब आणि आम्हीं त्या वर्षीं काशीस जाण्याचें ठरविलें होतें. त्यांतील कांहीं रक्कम इकडे वळविली. काशी आहे तेथेंच आहे. नातीस हें कळूं दिलें नव्हतें, पण एकत्र कुटुंबांत कोणती गोष्ट फार काळ झांकली राहते? तिला कळलें तेव्हां ती कांहीं बोलली नाहीं. दुसऱ्या दिवसापासून पहाटे पडवींतील दिवा आमच्या उठण्यापूर्वींच लागूं लागला.

तेव्हां, कोठें पैसे वांचवूं नयेत याचीहि यादी हवी. एकलव्यानें मातीची मूर्ति करून विद्या संपादन केली; जगांतील सर्वांत कमी खर्चाचें शिक्षण तें. पण त्याची शेवटीं काय किंमत पडली हें सर्वांस ठाऊक आहे. प्रशिक्षकाच्या फीमध्यें काटकसर करूं नये. चुकीची संवय मोडण्याचा खर्च फीहून अधिक असतो. नळकांड्याच्या मुदतींत करूं नये. डोळ्यांस लावण्याच्या संरक्षक चष्म्यांत करूं नये. घरीं खरे छर्रे उडविण्याची हौस असेल तर मागील अडथळ्यांत करूं नये. दगडी भिंतीवर आपटलेला छर्रा परत येतो, म्हणून तिरप्या पोलादी पत्र्याची पेटीच पाहिजे, आणि ती ज्या घरांत लहान मुलें धांवत असतात त्या घरांत न ठेवणें हेंच शहाणपणाचें. आम्हीं ठेवली नाहीं. घरीं फक्त कोरडा सराव. छर्‍यांची डबी पडवींत कधींहि यावयाची नाहीं. प्रत्येक वेळीं नळी उघडून पाहावयाची. तोंड सदैव भिंतीकडे. आणि काम झालें कीं बंदूक कुलुपांत, किल्ली वहिनींच्या कनवटीस. रेंजवरून आल्यावर साबणानें हात धुतल्यावांचून कशासहि शिवावयाचें नाहीं, कारण शिसें हें विष आहे. हा शेवटचा नियम आमच्या घरांत सर्वांत सहज रुजला, हें सांगणें नलगे.

मराठींत 'नेम' या शब्दास दोन अर्थ आहेत. एक लक्ष्याचा, दुसरा नित्याचा. जपाचा नेम, तुळशीस पाणी घालण्याचा नेम. आमच्या अल्पबुद्धीप्रमाणें या खेळांत दुसऱ्या अर्थाचा नेम जितका पाळावा तितका पहिल्या अर्थाचा स्वस्त पडतो. गेल्या हिवाळ्यांत नातीनें आपल्या पहिल्या मोठ्या स्पर्धेंत ६० बारांत ६५४ पैकीं ५८१.४ गुण मिळविले. जाणत्यांस कळेल कीं हे गुण साधारणच आहेत, आणि तिचा क्रमांक खालच्या अर्ध्यांत होता. परंतु शेवटचे दहा बार पहिल्या दहांहून चांगले पडले, हें तिनें स्वतः आम्हांस कागदावर दाखविलें.

त्याच महिन्यांत तिचें जुनें जाकीट तिला आंखूड झालें. रेंजवर नुकतीच येऊं लागलेली एक लहान मुलगी आहे. तिचे वडील टपालखात्यांत आहेत. नातीनें जाकीट तिला दिलें. त्या गृहस्थांनीं पैसे देऊं केले, ते हिनें घेतले नाहींत, आणि घरीं येऊन भीतभीतच आम्हांस सांगितलें. वही काढून आम्हीं खर्चाचा रकाना उघडीत होतों. वहिनींनीं हात पुढें करून पान उलटलें आणि म्हणाल्या, "भावजी, तिकडं नाहीं. जमेच्या बाजूस लिहा."

तसें लिहिलें आहे.